दोनदा परत गेलात म्हणून दार बंद झालं नाही, ताई

ताई, आधी एक काम करा. तुमचा फोन मिस्टर रोज बघतात असं तुम्हीच लिहिलंय, तर हे वाचून झालं की तुमचा मेसेज आणि माझं उत्तर एवढंच काढून टाका. सगळं साफ करू नका, फोन एकदम कोरा दिसला की संशय येतो. आणि पुढचं काही विचारायचं असेल तर शाळेबाहेर ज्या मैत्रिणीबरोबर उभ्या असता तिच्या फोनवरून विचारा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. वारज्यात सोसायटीत राहता, लग्नाला ११ वर्षं झाली, मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ४ वर्षांचा. मिस्टर आयटीत, दारू नाही, सोसायटीच्या गणपतीत सगळ्यात पुढे, आणि दार लावलं की हात उचलतात. पहिल्यांदा तुम्ही साताऱ्याला आईकडे गेलात आणि ११ दिवसांत परत आलात, दुसऱ्यांदा चिंचवडला भावाकडे अडीच महिने राहिलात, मग मामांनी बैठक बसवली, मिस्टरांनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं आणि तुम्ही दिवाळीच्या तोंडावर परत गेलात. संक्रांतीपर्यंत ठीक होतं, आता पुन्हा सुरू झालंय. भाऊ म्हणतो, आता आलीस तर कायमची ये, नाहीतर माझ्या दारात येऊ नको. आणि मुलगी म्हणाली, "तू म्हणाली होतीस आपण परत जाणार नाही, तू खोटं बोललीस." तुमचे प्रश्न तीन आहेत, मी मूर्ख आहे का, मुलांचं वाटोळं मीच केलं का, आणि आता तिसऱ्यांदा माझ्यावर कोण विश्वास ठेवणार.

मी पुण्यात १९ वर्षं हेच काम करतेय, आधी पोलीस स्टेशनमधल्या समुपदेशन केंद्रात आणि नंतर एका संस्थेत. तुमच्या तिन्ही प्रश्नांवर बोलणार आहे, पण त्याआधी मला तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर थांबायचंय जे तुम्ही मध्येच कुठेतरी टाकून पुढे गेलात. "गेल्या महिन्यात त्यांनी गळा धरला, पण लगेच सोडला." ताई, त्यात "पण लगेच सोडला" असं काही नसतं. थप्पड मारणं, ढकलणं, वस्तू फेकणं हे सगळं वाईटच आहे, पण गळा दाबणं ही वेगळी पायरी आहे. जीव जाऊ शकतो हे त्या माणसाच्या हाताला कळतं आणि तुमच्याही शरीराला कळतं. जॅकलिन कॅम्पबेल नावाच्या अमेरिकन नर्स संशोधकांनी ८० च्या दशकात बायकांचा धोका ओळखण्यासाठी प्रश्नांची एक यादी केली, आमच्या कामात आजही तसेच प्रश्न विचारले जातात आणि त्यात हा प्रश्न असतोच. २००८ साली तिकडच्याच एका अभ्यासात दिसलं की जोडीदाराने ज्या बाईचा गळा आधी एकदा तरी दाबलाय तिचा त्याच्या हातून खून होण्याची शक्यता सुमारे सात पट वाढते. घाबरवायला सांगत नाहीये. तुम्ही जी गोष्ट एका ओळीत उरकली ती मी एका ओळीत उरकू देणार नाही म्हणून सांगतेय.

नंतर आवाज बसला होता का? गिळताना दुखत होतं का? चक्कर, डोकेदुखी, डोळ्यात लाल ठिपके? गळ्यावर वळ नसला तरी आत इजा असू शकते आणि ती काही दिवसांनी पण त्रास देते. महिना झाला असला तरी डॉक्टरला दाखवा, ससूनला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाता आलं तर उत्तम, आणि "पडले" म्हणू नका, नवऱ्याने गळा दाबला असं सांगा आणि केसपेपरवर तसंच लिहा म्हणा. तो कागद घरी आणू नका, मैत्रिणीकडे ठेवा. आणि पुन्हा हात गळ्याकडे गेला तर त्या दिवशी तयारी, बॅग, कागद काही बघायचं नाही, मुलं घेऊन दाराबाहेर, ११२. जिन्यात ओरडा. सोसायटीला कळेल याची लाज तुम्हाला वाटते असं लिहिलंय, मला ती लाज कळते, पण त्या क्षणी सोसायटीला कळणं हेच तुमचं संरक्षण आहे.

आता मूर्खपणाबद्दल.

बाहेरच्यांना वाटतं बाई विचार करून बाहेर पडते आणि भावनेच्या भरात परत जाते. मी इतक्या वर्षांत बहुतेक उलटंच बघितलंय. बाई घर सोडते ती एका रात्रीत, पायात मिळेल ती चप्पल, मुलाच्या अंगात शाळेचाच शर्ट, आणि परत जाते ती मात्र पूर्ण हिशोब करून. तुमचंच पत्र बघा ना. साताऱ्याला असताना तुम्ही काय मोजत होतात? मुलीची सहामाही आठ दिवसांवर, मुलाचा दमा आणि नेब्युलायझर वारज्यात राहिलेला, आईची पेन्शन किती आणि त्यात तीन माणसं वाढली तर किती दिवस. चिंचवडला? भावाचा वन बीएचके, वहिनी तुम्हाला येऊन तिसरा महिना लागला तरी हॉलमध्ये गादी टाकून झोपतेय आणि काही बोलत नाहीये आणि तिचं ते न बोलणंच तुम्हाला जास्त लागत होतं. भाड्याची खोली बघायला गेलात तर पहिला प्रश्न, मिस्टर काय करतात. टॅली येतं पण ९ वर्षं नोकरी नाही. मुलगा बाबा बाबा करून रडतोय. एवढं सगळं एका पारड्यात आणि दुसऱ्या पारड्यात एक स्टॅम्प पेपर आणि मामांचा शब्द. तुम्ही मुलांसाठी जे त्यातल्या त्यात बरं दिसलं ते निवडलंत. तो हिशोब चुकला असेल, पण तो मूर्ख बाईचा हिशोब नाही, हातात फार कमी पैसे असलेल्या बाईचा हिशोब आहे, आणि मला जर कुणी विचारलं की बायका परत का जातात तर मी आधी प्रेमाबद्दल बोलतच नाही, मी विचारते की बाहेर पडल्यावर अकराव्या दिवशी तिच्याकडे काय होतं.

आशा पण होती, ती का नसावी? १९७० च्या दशकात लेनोर वॉकर या मानसशास्त्रज्ञांनी मार खाल्लेल्या शेकडो बायकांशी बोलून एक चक्र मांडलं होतं, आधी घरात ताण साचत जातो, मग स्फोट, मग माफी आणि गोडवा, आणि पुन्हा ताण. सगळ्याच घरात ते इतकं नेमकं फिरतं असं नाही, काही ठिकाणी गोडवा कधी येतच नाही. पण तुमच्याकडे येतो. दिवाळीला स्वतः फराळाचं सामान आणणं, मुलांना पन्हाळ्याला नेणं, तुमच्या आईला फोन करून रडणं. आणि तुम्ही लिहिलंय, "ते दोन महिने इतके छान होते की मला वाटलं हाच खरा माणूस." आपल्याकडे शेतकरी जूनमध्ये एका चांगल्या पावसावर पेरतो, मग पाऊस दडी मारतो, रोप जळतं, आणि तो कर्ज काढून दुबार पेरणी करतो. त्याला गावात कुणी मूर्ख म्हणत नाही. पाऊस कधीच पडला नसता तर त्याने पेरलंच नसतं. अधूनमधून पडतो म्हणूनच माणूस अडकतो, रोज वाईट वागणाऱ्या माणसाला सोडणं त्यामानाने सोपं असतं. फक्त एक लक्षात ठेवा, त्यांचं ते गोड वागणं खोटं होतं की खरं याचा शोध लावत बसू नका. कदाचित खरंही असेल. त्याने गळ्यावरचा हात खोटा होत नाही.

मी सुरुवातीला हे काम करायला लागले तेव्हा मला हे कळत नव्हतं. एक ताई होत्या हडपसरच्या, तिसऱ्यांदा परत गेल्या होत्या आणि पुन्हा आमच्याकडे आल्या, डोळा सुजलेला. मी तेव्हा तिशीतली, आदल्या वेळी त्यांच्यासाठी शिवाजीनगर कोर्टात चार खेटे घातलेले, अर्ज तयार करून दिलेला आणि त्यांनी तो मागे घेतलेला. मी म्हटलं, "ताई, तुम्हालाच बाहेर पडायचं नसेल तर आम्ही काय करणार?" त्या काही बोलल्या नाहीत, पाणी प्यायल्या आणि गेल्या. पुढची दोन वर्षं त्या कुणाकडेच गेल्या नाहीत, ना आमच्याकडे ना माहेरी, कारण माझं ते वाक्य त्यांना त्यांच्या नवऱ्याच्या वाक्यासारखंच वाटलं, तो पण म्हणायचा की तुला कुणी विचारणार नाही. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. त्या दोन वर्षांत त्यांचा हात मोडला. त्याची जबाबदारी मारणाऱ्याची आहे हे मला माहीत आहे, तरी ते वाक्य माझं होतं आणि मी ते विसरलेले नाही. त्या पाचव्यांदा बाहेर पडल्या आणि बाहेर राहिल्या. पाचव्या वेळी त्या काही जास्त धीट झाल्या नव्हत्या, फक्त त्यांच्याकडे वेगळं बँक खातं होतं, मुलांच्या जन्मदाखल्याच्या कॉप्या होत्या, पोळ्यांची दोन कामं ठरलेली होती आणि कुठल्या खिडकीवर काय मागायचं हे माहीत होतं. हे सगळं त्या आधीच्या चार वेळांत शिकल्या.

म्हणून तुमच्या दोन वेळा वाया गेल्या असं मी म्हणू देणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी ना मदत मागितली ना कधी कुणाला सांगितलं. तुम्ही दोनदा दार उघडून बाहेर पडलात, पोलिसात एक एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, केलीत, आणि बैठकीत दहा माणसांसमोर तोंडाने सांगितलंत.

आणि त्या बैठकीतला स्टॅम्प पेपर. तुम्ही म्हणता त्याचा काही उपयोग झाला नाही. झाला नाही हे खरं, तो काही कोर्टाचा आदेश नाही, तो मोडला म्हणून पोलीस कुणाला धरत नाहीत. पण त्यात काय लिहिलंय बघा, "यापुढे पत्नीस मारहाण करणार नाही." यापुढे. म्हणजे याआधी केली हे त्यांनी स्वतःच्या सहीने, साक्षीदारांसमोर लिहून दिलंय. तो कागद सोनं आहे ताई, मूळ कागद मामांकडे असेल तर फोटो नाही, झेरॉक्स मागा, आणि मूळ कागद नीट जपून ठेवा म्हणून सांगा. एनसीचा नंबर आणि तारीख पण. पोलिसांनी त्या वेळी "घरगुती आहे, समजुतीने घ्या" म्हणून पाठवलं याचा मला राग आहे, पण ती नोंद तिथेच आहे, तारखेसकट.

तुमच्या मिस्टरांच्या वकील मित्राने तुम्हाला सांगितलंय की तू स्वतःहून परत आलीस म्हणजे आधीचं सगळं माफ केलंस, आता कोर्टात काही चालणार नाही. हे अर्धवट आहे. घटस्फोटाच्या दाव्यात क्रूरता माफ केली का हा मुद्दा निघतो हे खरं, पण पुण्यात सुरू झालेल्या एका दाम्पत्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७५ सालीच सांगितलंय की अशी माफी अटीवर असते, पुन्हा त्रास दिला तर जुनी क्रूरताही पुन्हा जिवंत होते. आणि घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा तर वेगळाच आहे, तिथे तुम्ही त्या घरात राहताय की बाहेर पडलाय की परत आलाय यावर अर्ज अडत नाही. एक वर्षाच्या आतच अर्ज करावा लागतो असंही तुम्हाला कुणीतरी सांगितलंय, तेही २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने खोडून काढलंय. आधी अर्ज मागे घेतला असेल तरी नवीन त्रासावर नवीन अर्ज होतो.

या कायद्यातली एक गोष्ट बायकांना कुणी सांगतच नाही आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, की घर सोडायचं असेल तर बाईनेच सोडायला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. कलम १९ खाली कोर्ट नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतं. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तुमचा हक्क नाही असं सांगितलं जातंय ना, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरसुद्धा, सून तिथे संसार करत राहिली असेल तर, सामाईक घर धरता येतं. हक्क कायमचा मालकीचा नाही, राहण्याचा आहे, आणि सासूबाईंना बाहेर काढायचा आदेश या कलमाखाली मिळत नाही हेही स्पष्ट सांगते. पण तुमच्याकडे गळा दाबल्याची घटना आहे, आणि आदेश मिळाल्यावरही त्याच घरात, त्याच दारामागे तुम्ही सुरक्षित राहाल का हे मी कागदावरून ठरवणार नाही. ते आपण समोरासमोर बसून, एकेक प्रश्न घेऊन बोलायचं.

अर्जासाठी संरक्षण अधिकारी असतात, महिला व बालविकास खात्याचे, ते घटनेचा अहवाल भरून घेतात, त्याला पैसे लागत नाहीत. वकीलही फुकट मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, आणि बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, नवऱ्याचा पगार कितीही असो. फोन १५१००. अर्ज तुम्ही पुण्यातच करायला पाहिजे असं नाही, तात्पुरत्या जिथे राहताय तिथे, म्हणजे चिंचवडला गेलात तर तिथल्या कोर्टात, साताऱ्याला गेलात तर साताऱ्यात. कायद्यात लिहिलंय पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, पण तुम्ही ६० दिवसांच्या भरवशावर घर सोडू नका, प्रत्यक्षात महिने जातात. म्हणून वकिलाला पहिल्याच दिवशी सांगायचं की कलम २३ खाली तात्पुरते आदेश मागा, संरक्षणाचा, मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आणि खर्चाचा. एकतर्फी पण मिळू शकतात. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तिथे स्टॅम्प पेपर आणि आदेश यातला फरक कळतो.

आणि नांदायला या अशी वकिलाची नोटीस येईल, बहुतेकींना येते, ती बघून अर्ध्या बायका घाबरून परत जातात. पोलीस तुम्हाला हाताला धरून त्या घरात नेऊन सोडू शकत नाहीत. उत्तर न देता ठेवून देऊ नका एवढंच, वकिलाकडे द्या. नांदायला जायचा हुकूम झाला आणि बाई योग्य कारणाने गेली नाही तरी तिची पोटगी त्यामुळे आपोआप बुडत नाही, हेही सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय.

तिसऱ्या वेळची तयारी मात्र वेगळी हवी. पहिल्या दोन्ही वेळा तुम्ही भांडणात सांगून निघालात, "आता मी चालले." यावेळी सांगायचं नाही. बाई निघते तो दिवस आणि त्यानंतरचे काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात, कारण ताबा सुटतोय हे त्याला तेव्हा कळतं. मिस्टर कामावर असताना, मुलं शाळेत असताना, सरळ शाळेतूनच निघायचं. आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, रेशन कार्ड, तुमची मार्कलिस्ट, लग्नाचा दाखला, पासबुक, मुलाच्या दम्याची फाईल, या सगळ्याच्या कॉप्या आत्तापासून एकेक करून बाहेर जाऊ देत, मूळ कागद एकदम हलवले की लक्षात येतं. दागिने तुमचे आहेत, माहेरचे असोत की सासरी घातलेले, ते स्त्रीधन, पण ते लॉकरमधून काढायच्या नादात बेत उघडा पडणार असेल तर राहू देत, ते कोर्टातून मागता येतं. नवीन खातं वेगळ्या बँकेत काढा आणि त्याचा मेसेज या फोनवर येणार नाही असं बघा. आणि फोनचं लोकेशन त्यांना दिसतंय का, तुमचं गुगल खातं त्यांच्या लॅपटॉपवर उघडं आहे का, हे त्या मैत्रिणीकडून तपासून घ्या पण आत्ता बंद करू नका, निघायच्या दिवशी बंद करायचं. नेब्युलायझर दुसरा घेऊन ठेवता आला तर मैत्रिणीकडे ठेवा. पहिल्या वेळी त्या एका यंत्रापायी तुम्ही परत आलात.

राहायला जागा नसेल तर १८१ वर फोन करा, ते सखी वन स्टॉप सेंटरला जोडून देतात, तिथे मुलांसकट थोडे दिवस राहता येतं आणि पोलीस, दवाखाना, वकील एकाच ठिकाणाहून सुरू होतं. पुणे पोलिसांचा भरोसा सेल आहे, घरात त्रास होणाऱ्या बायकांच्या तक्रारींसाठी. तिथे तुम्हाला "समेट करा" असा आग्रह झाला तर नको म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, गळा दाबलाय हे पहिल्या वाक्यात सांगा.

तुमच्या भावाला हे दाखवता आलं तर दाखवा. दादा, तुमचा राग मला कळतो, तुम्ही अडीच महिने बहिणीला आणि मुलांना सांभाळलंत, ऑफिसला दांड्या मारल्या, आणि ती परत गेली. पण कायमची ये नाहीतर येऊ नको, या वाक्याचा अर्थ तिच्या कानात असा होतो की शंभर टक्के खात्री होईपर्यंत निघायचं नाही, आणि तशी खात्री तिला कधीच होणार नाही, कुणालाच होत नाही. मग ती मार खात राहील आणि तुम्हाला फोन करणार नाही. आपल्या याच पुण्यात १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा अडचणीत सापडलेल्या विधवांना कळवलं होतं की इथे येऊन बाळंत व्हा, मूल न्यायचं की इथे ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. आधी कबूल कर मग ये, असं नाही. तुम्ही तिला एवढंच म्हणा, की रात्री कितीही वाजता फोन कर, मी येतो, परत गेलीस तरी पुढच्या वेळी पण येतो. अडीच महिने हॉलमध्ये झोपायचं नसेल तर तेही मोकळेपणी सांगा, पंधरा दिवस माझ्याकडे, मग आपण मिळून खोली बघू, डिपॉझिटचं मी बघतो. हे ठरलेले पंधरा दिवस अवघडून काढलेल्या अडीच महिन्यांपेक्षा जास्त उपयोगाचे आहेत.

मुलांचं वाटोळं तुम्ही केलं का. नाही. मुलांनी जे बघितलं ते घडवणारा माणूस दुसरा आहे. पण मुलांवर काही झालेलंच नाही असंही मी म्हणणार नाही, तुम्ही स्वतःच लिहिलंय की मुलीचं रविवारी रात्री पोट दुखतं आणि मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलाय. मुलं भिंतीपलीकडून सगळं ऐकतात. झोपलीत असं आपल्याला वाटतं, ती डोळे मिटून मोजत असतात. आणि ९ वर्षांच्या मुलीला बहुतेक वेळा वाटतं की यात आपलं काहीतरी चुकलं.

ती खोटं बोललीस म्हणाली याचं तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय. मला त्यात चांगली गोष्ट दिसते ताई, ती तुमच्याशी बोलली. जी मुलं गप्प होतात त्यांची मला जास्त काळजी वाटते. तिला उत्तर द्या, टाळू नका. असं काहीतरी, "मी तेव्हा म्हणाले होते ते मला खरंच वाटत होतं. मग मला जमलं नाही. तुला राग आला ते बरोबर आहे. बाबा मारतात ते चूक आहे आणि त्यात तुझी काही चूक नाही." एवढंच. बाबा राक्षस आहे असं म्हणायची गरज नाही, तिचं बाबांवर प्रेम आहे आणि ते राहू दे. आणि आता पुन्हा "आपण कधीच परत जाणार नाही" असं वचन देऊ नका, बेतही सांगू नका, ९ वर्षांच्या मुलीवर गुपिताचं ओझं टाकायचं नाही. जे नक्की पाळू शकता तेवढंच बोला. मी उद्या शाळेत तुला घ्यायला येणार, हे पाळता येतं.

तिला एक मात्र शिकवा, मारामारी सुरू झाली की मध्ये पडायचं नाही. मागच्या वेळी ती तुमच्या पुढे येऊन उभी राहिली असं लिहिलंय, ते वाचून मी थोडा वेळ कागद बाजूला ठेवला. तिचं काम भावाचा हात धरून बाहेर पडणं आणि समोरच्या काकूंची बेल वाजवणं. एक शब्द ठरवा, रोजच्या बोलण्यातला, घरात कुणाला खटकणार नाही असा. एका घरात आम्ही "आजीचा डबा राहिला" असं ठरवलं होतं. आईने म्हटलं, आजीचा डबा राहिला, की मुलीने भावाला घेऊन समोर जायचं, काही न विचारता. समोरच्या काकूंना आधी सांगून ठेवा, आणि अर्धंमुर्धं नको, पूर्ण सांगा, की बेल वाजली तर दार उघडा, मुलांना आत घ्या आणि ११२ लावा. दिवसा, मिस्टर घरात नसताना, खेळ खेळल्यासारखं दोनदा करून बघा. दार उघडून समोरच्या बेलपर्यंत किती पावलं, कडी तिच्या हाताला पोचते का, मुलाच्या चपला कुठे असतात.

सोमवारी साडेअकरा ते दोन मी ऑफिसात असते. शाळेची मिटिंग आहे सांगून येता येईल. मुलाला घेऊन या, इथे खेळणी आहेत.